काकूंची पुस्तकं कुठून वाचायला घ्यावीत

आमच्या वाचनालयात काकूंच्या पुस्तकांना वेगळं कपाट आहे. त्याच्या काचेवर आतून एक कार्ड चिकटवलंय: ‘“सावल्या धुणारी” घ्या. चौथ्या प्रकरणापासून सुरू करा. पहिली तीन नंतर वाचली तरी चालतील.’ नवे वाचक ते वाचून ग्रंथपालबाईंना विचारतात, ही काय उलटी रीत? बाई माझ्याकडे बोट दाखवतात. दर वेळी उभ्याउभ्या अर्धवट सांगून माझं समाधान होत नाही, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय.

काकू म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्या काकू. पुस्तकांवर त्यांचं पूर्ण नाव आहे, पण गल्लीत ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. दुकान काकांचं आणि त्यांचं मिळून. मागच्या खोलीत धुणं, पुढच्या खोलीत इस्त्री. त्यांच्या बरोबर वर माझं स्वयंपाकघर. खालून जळक्या कापडाचा वास आला, की मी गॅसवरच्या पातेल्याकडे बघायचेसुद्धा नाही, थेट खिडकीशी जायचे. आपलं काही लागलेलं नाही हे ठाऊक असायचं. खाली गोष्ट जमली होती, एवढाच त्याचा अर्थ.

काकूंची लिहिण्याची रीत अशी होती. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की काका मोठ्या टेबलाशी इस्त्रीला उभे राहायचे. काकू समोरच्या स्टुलावर बसून तुटलेली बटणं लावायच्या आणि तोंडाने गोष्ट सांगायच्या. लिहायचं नंतर, आधी काकांना सांगायचं. सांगताना त्यांचं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे नसायचं, हाताकडे असायचं. हात पुढेमागे चालत राहिला तर प्रकरण पडलं. काका तोंडाने किती का ‘वा वा’ म्हणेनात, काकू ते टाकून द्यायच्या. हात थांबला, इस्त्री कापडावर तशीच राहिली आणि धूर निघाला, तर प्रकरण पक्कं. मग दोघांची धावपळ. काकू पाण्याचा डबा उचलायच्या, काका कापड झटकायचे, आणि गोष्ट तिथेच राहायची. संध्याकाळी काकू ती लिहून काढायच्या.

अशा रीतीने दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट गेला, बँडवाल्यांची जरीची विजार गेली, हॉटेलच्या टेबलक्लॉथला मधोमध तपकिरी त्रिकोण पडला. गिऱ्हाईकं चिडायची, काका हात जोडून नवं कापड आणून द्यायचे. पण पुढेपुढे पुस्तकं गाजली तशी लोकांना त्यात मोठेपणा वाटू लागला. हेडमास्तर सगळ्यांना सांगत फिरायचे, “माझा शर्ट तिसऱ्या पुस्तकात गेलाय.” आणि त्यांच्या बायकोने ऐकलं की म्हणायची, “शर्टच गेला ना? यांनाच घातलं असतं तर घरात शांतता झाली असती.”

काकूंच्या गोष्टी आपल्या जगातल्या नव्हत्या. त्यात नद्या डोंगराकडे चढायच्या, राखेतून पक्षी उडायचे, निळ्या घोड्यांची राजघराणी असायची. आणि काकू कशा? बुटक्या, अंगावर जागोजागी सेफ्टीपिना खोचलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एकदा कुणी पाहुणे विचारायला आले, “हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून हो?” काकू म्हणाल्या, “लोकांच्या खिशांतून. धुवायला टाकताना कुणी खिसे बघत नाही.” मीही थोडंफार लिहिते; माझ्या घरगुती कथांची त्यांना गंमत वाटायची. “तू भांड्यांचं लिही, मी भुतांचं लिहिते,” म्हणायच्या. “शेवटी आदळआपट दोन्हीकडे सारखीच.”

गेल्या वर्षी काकू गेल्या. दुखणं लांबलं नाही, तेवढं एक बरं झालं. त्यानंतर दुकानासमोर अनोळखी माणसं येऊन उभी राहू लागली. कुणी पाटीचा फोटो काढायचं, कुणी नुसतंच आत डोकावायचं. काका त्यांना स्टूल दाखवायचे. काही बाया त्या स्टुलाला हात लावून रडल्या. काका गोंधळून म्हणायचे, “बसा की त्याच्यावर, मजबूत आहे.”

मग वाचनालयाने कपाट करायचं ठरवलं. ग्रंथपालबाईंना कपाटावर एक कार्ड हवं होतं: नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी. त्यासाठी एका संध्याकाळी आठवणींची बैठक बोलावली. काका आले, मी गेले, आणि काका-काकूंची एकुलती एक मुलगी आली.

तिला घरात ठकी म्हणत. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, तरी ठकीच. दुसऱ्या शहरात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. बोलणंही रिपोर्टसारखं: आकडा आणि सही, मधे काही नाही. दुकान आवरून काकांना आपल्याकडे कायमचं घेऊन जायला ती आली होती. दुकान रिकामं करायचं, किल्ली मालकाला द्यायची आणि रविवारी निघायचं.

बैठकीत वाचकांची जुंपली. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, क्रमानेच वाचलं पाहिजे. एक नर्स म्हणाली, मुळीच नाही, ‘उलट्या नदीचा देश’पासून घ्या, नाहीतर माणूस पळून जाईल. कुणीतरी निळ्या घोड्याच्या जाडजूड पुस्तकाचं नाव काढलं, तर मागून आवाज आला, “अहो, त्यात घोडा येईपर्यंत वाचणारा म्हातारा होतो!” सगळे हसले. ग्रंथपालबाईंना वाटलं, हीच वेळ. त्या ठकीकडे वळल्या. “तुम्ही मुलगी. तुम्ही सांगा, कुठून सुरुवात करावी?”

ठकी म्हणाली, “मी एकही वाचलेलं नाही.”

त्या नर्सबाईंना राहवलं नाही. “अगं बाई! विहीर दारात आणि तू तहानलेली?”

“विहिरीत पडलेली माणसं पाणी पीत नाहीत,” ठकी म्हणाली, आणि पर्स उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिना चढून माझ्याकडे आले. गुडघ्यांमुळे ते वर येत नसत. आले ते खुर्चीवर बसले, चहा समोर ठेवला तर त्याकडे बघतही नव्हते.

“तू तिची सगळी पुस्तकं वाचलीस ना?”

“वाचली.”

“ठकीला कुठलं देऊ?”

मी म्हटलं, “काका, तिला नसतील वाचायची तर राहू द्या. सगळ्यांनी सगळं वाचलंच पाहिजे असं थोडंच आहे?”

“तसं नाही गं.” त्यांनी कप उचलून पुन्हा खाली ठेवला. “मी आता तिच्या घरी राहायला जाणार. मरेपर्यंत तिथेच. आईचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायला लागते. स्वच्छ भांडीसुद्धा घासते. मी बोलू कुणाशी? चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार पोटात घालून बसू? एका घरात दोघांनी राहायचं आणि मधे तिची आई परक्यासारखी, हे मला जमणार नाही.” मग म्हणाले, “आणि संधी एकच आहे. ठकीने एकदा औषध थुंकलं की थुंकलं. लहानपणापासून तशीच. चुकीचं पुस्तक हातात पडलं तर मिटेल आणि पुन्हा हात लावणार नाही.”

“तुम्हाला कुठलं सगळ्यात आवडतं?”

काका लाजल्यासारखे हसले. “मी कुठे वाचलीत?”

मी बघतच राहिले.

“ऐकली. वाचली नाहीत. छापून आल्यावर एकदा उघडून बघितलं होतं. सगळं बरोबर होतं गं, पण तिचा आवाज नव्हता. जेवणाचं चित्र बघितल्यासारखं. ठेवून दिलं.” आणि हळूच म्हणाले, “खरं सांगू का, मला एकही गोष्ट पुरती ठाऊक नाही. जळालं की ती थांबायची. उद्या पुढचं सांग म्हटलं तर म्हणायची, ‘जळालेल्यावर पुन्हा इस्त्री फिरवत नाहीत. आता छापील वाचा.’ पुढच्या दिवशी दुसरंच प्रकरण.”

म्हणजे या माणसाने चांगल्यात चांगली प्रकरणं ऐकली होती, आणि त्यांतल्या एकाचंही पुढे काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. मी ‘उलट्या नदीचा देश’ सुचवलं. त्यांनी मान हलवली, पण ती ‘बघू’ अशी मान होती.

दुपारी मला राहवेना. दोन चादरी हातात घेतल्या आणि इस्त्रीचं निमित्त काढून खाली गेले. दुकान निम्मं उघडंबोडकं झालं होतं. फळ्यांवर शेवटचे काही गठ्ठे, नावाच्या चिठ्ठ्या टाचलेले. काका एका कोपऱ्यात छोट्या फळीवर त्या गठ्ठ्यांतलं उरलेलं काम संपवत होते. ठकीने मोठं टेबल उघडायला घेतलं होतं. वरची चादर काढून तिने घडी घातली. खाली जाड गादीसारखं काहीतरी होतं, चारी बाजूंनी टाके घातलेलं. तिने कात्रीने टाके कापले आणि एक थर उचलला.

पांढरा कोट. खिशाजवळ इस्त्रीची तपकिरी खूण.

“हे काय?”

“जळालेले,” काका म्हणाले. “फेकायचं कशाला? तुझी आई म्हणाली टेबलावरच्या चादरीखाली घालू, मऊ होईल.”

मला इतकी वर्षं कळलं नव्हतं, की जळलेले कपडे जातात कुठे. ठकी एकेक थर उचलत गेली. टेबलक्लॉथ. हेडमास्तरांचा शर्ट. बँडवाल्यांची विजार, जर काळी पडलेली. काका प्रत्येकाला ओळखत होते. “हा घोड्याचा. हा राखेच्या पक्ष्यांचा, तू तेव्हा नोकरीला लागलीस.” ठकी घड्या घालून बाजूला ठेवत होती.

अगदी तळाशी निळा स्कर्ट होता. लहान मुलीचा, शाळेचा. पुढच्या प्लेटांवर आख्ख्या इस्त्रीचा ठसा.

ठकीने तो उचलला नाही. दोन्ही हात टेबलावर टेकून उभी राहिली.

“बक्षीस समारंभ होता,” ती माझ्याकडे बघून म्हणाली, वडलांकडे नाही. “मला स्टेजवर जाऊन पाठ केलेलं म्हणायचं होतं. सकाळी यांनी सांगितलं, दुपारी कडक इस्त्री करून शाळेत आणून देतो. आणून दिला. घडी अशी घातली होती की डाग आत जावा. स्टेजमागे मी घडी उघडली. बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं. पाठ केलेलं दुसरीने म्हटलं. घरी आले तर आई लिहीत बसलेली. मान वर न करता म्हणाली, ‘ठकी, आज फार छान जमलंय गं.’ त्या दिवशी मला कळलं, या घरात आपला नंबर कितवा.”

मला वाटलं आता काका काकूंची बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही.

“चूक झाली,” ते म्हणाले. “घडी मी घातली होती. डाग लपवायची अक्कल माझी. तिला तर म्हणायचं होतं की शाळेत जाऊन सांगू या. मीच नको म्हटलं, हलका डाग पडला की गिऱ्हाईकांना करतो तसं केलं.” ते कोपऱ्यातून हळूहळू टेबलाशी आले आणि स्कर्टवरून तळवा फिरवला. “हा सावल्या धुणारीचा. चौथं प्रकरण.”

“नको आहे मला, बाबा.”

“बरं,” काका म्हणाले. पण बोलायचे थांबले नाहीत. इस्त्रीशी परत गेले, कुणाची तरी उशीची खोळ पसरली, पाणी शिंपडलं आणि काम करता करता, जणू मलाच सांगतायत असं सांगू लागले.

“एक देश असतो बघ. तिथे माणसं सावल्या धुवायला टाकतात. खोटं बोललं की सावलीवर डाग पडतो, म्हणून. धुणारी एकच बाई. तिच्याकडे एक पोरगी येते, एवढीशी. सावली ओढत ओढत. सावली असते मोठ्या बाईची. पोरगी म्हणते, ‘ही मला मोठी होते. चालताना निघते. कापून लहान करा.’ धुणारी म्हणते, ‘आम्ही धुतो, कापत नाही.’ पोरगी ऐकते कसली? म्हणते, ‘मग परत घ्या! दर वेळी काय ‘वाढत्या अंगाचं आहे’? पुढे कापूस भरला तरी निघते.’”

पुन्हा घड्या घालू लागलेल्या ठकीचा हात थांबला. “कापूस?”

“हो. सावलीच्या पायात, बोटांपाशी.”

“ते बूट होते.” तिचा आवाज वेगळा लागला. “माझे बूट. ती दर वर्षी मोठे आणायची आणि पुढे कापूस भरायची. मी दुकानातच ओरडले होते. ‘वाढत्या अंगाचं’ हे तिचंच पालुपद. हे सगळं मी म्हटलेलं आहे!” ती माझ्याकडे वळली. “मला विचारलंसुद्धा नाही!”

“कुणाला विचारायची ती?” काका म्हणाले. “माझी आई सहाव्या पुस्तकात चेटकीण आहे.”

मला हसू आलं. ठकीला येऊ घातलं होतं, ते तिने दातांखाली धरलं. घडी घातलेला कोट तिने उगीच पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, “बरं. मग धुणारीने काय केलं?”

“ती सावली घेऊन आत गेली. उजेडात धरली. उलटी केली. आतल्या बाजूने बघते, तर…” काका थांबले.

“तर काय?”

“ते मला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“तिथे स्कर्ट जळाला ना.”

ठकी त्यांच्याकडे बघत राहिली. तीस-पस्तीस वर्षं या माणसाला गोष्टीचं पुढचं माहीत नव्हतं, आणि ज्या कापडापायी ते तुटलं ते तिच्या हाताखाली होतं. काका थट्टा करत नव्हते. त्यांना थट्टा करता येत नाही, लगेच हसू फुटतं.

“तुम्ही नंतर वाचलं नाहीत?”

“एकट्याने वाचण्यात काय आहे?”

ठकीने हात स्कर्टला पुसले, का स्कर्टवरून फिरवले, मला नीट दिसलं नाही. काकूंच्या पुस्तकांच्या प्रती गठ्ठ्यांच्या वरच्या फळीवर होत्या, त्यांनाही नावाची चिठ्ठी टाचलेली, सेफ्टीपिनेने. तिने स्टूल ओढलं आणि त्यावर चढून ‘सावल्या धुणारी’ काढलं.

“पहिली तीन प्रकरणं?”

“त्यात काही जळलं नाही,” काका म्हणाले. “पहिलं जळालं ते हाच स्कर्ट. त्याआधीची तिने मला न सांगताच लिहिली.”

ती स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. पानं उलटून चौथं प्रकरण काढलं, बोटाने ओळी खाली खाली सरकवत जागा शोधली. मोठ्याने वाचायला लागली ती रिपोर्ट वाचतात तशी, चढ नाही, उतार नाही.

“‘धुणारीने सावली उजेडात धरली आणि उलटी केली. आतून दुमडून तिला मुडप घातलेली होती. मुलीच्या मापाची. एकाखाली एक अशा कितीतरी मुडपी, दर वर्षी एकेक उसवता यावी म्हणून. घालणारीला शिवण येत नसावी. टाके कुठे लांब, कुठे आखूड, आणि दोन-चार ठिकाणी सुई बोटात गेल्याचे ठिपके. धुणारीने ते ठिपके धुतले नाहीत. सावली तिने तशीच घडी करून बाहेर आणली.’”

काकूंना शिवता येत नसे. बटणं लावायच्या तीही पंधरवड्यात निघायची. गिऱ्हाईकं हसायची. ठकीचा आवाज आता रिपोर्टचा राहिला नव्हता, पण ती थांबली नाही.

“‘मुलगी म्हणाली, कापली का? धुणारी म्हणाली, नाही. घरी जा आणि आईला सांग, टाके वाकडे आहेत, पण दोरा…’”

पुढचं तिला वाचता येईना. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. काका खोळीवर वाकून उभे होते, मान कलती, तोंड जरा उघडं, आणि हात कुठे आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. मला वर माझ्या स्वयंपाकघरात यायचा तो वास नाकाशी आला. मी तोंड उघडणार एवढ्यात ठकीने पुस्तकातून मान वर न करताच म्हटलं,

“बाबा, इस्त्री.”

काकांनी दचकून ती टाचेवर उभी केली. खोळीवर हलकासा पिवळा डाग पडला होता. त्यांनी घाईघाईने घडी घालायला घेतली, डाग आत जाईल अशी, आणि मधेच थांबून उलगडून ठेवली.

“वाच,” ते म्हणाले. “दोरा काय?”

ठकीने ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं.